पिल्लाला हाक कशी मारायची

पांढुर्णा
३० डिसेंबर २०२४

ती. प्रतिभाताईंना सरलाचा नमस्कार.

हे पत्र दिपाली मॅडमच्या हाती देत आहे. त्या सौंसरहून रोज आमच्या तिगावच्या शाळेत येतात, जाताना तुमच्या गल्लीवरूनच जातात. फोनवर बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं, तुमच्या आई समोरच बसलेल्या असतात, आणि बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच. तुमचा फोन बटनांचा, त्यावर लिहून पाठवणंही होत नाही.

परवा शनिवारी आईंनी नत्थूजींच्या गुरांच्या कोठ्यातून कुत्र्याचं पिल्लू आणलं. यांच्या तेरवीच्या दिवशी नत्थूजींच्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती, ते आईंनी तेव्हाच लक्षात ठेवलं होतं. तुमच्या भावाला ज्या जागी ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावला, वर टोपली झाकली, आणि सकाळी पिठावर कुत्र्याचा पंजा निघाला, ते तुमच्या समोरच झालं. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात. मी तेव्हा काही बोलले नाही. घर माणसांनी भरलेलं होतं.

आता आई पिल्लाला गजा म्हणतात. यांना म्हणायच्या तसंच.

ताई, मी यावर वाद घातलेला नाही. दीड महिना आई अर्ध्या पोळीवर होत्या, तीही मी समोर बसले तर. परवापासून त्या पिल्लाला जवळ घेऊन बसतात आणि एक पोळी, थोडा भात जातो. त्यामुळे पिल्लू राहू दे. पण ते दिवसातून दहा-बारा वेळा घरात घाण करतं. सकाळी उठून पुसायचं, शाळेतून येऊन पुसायचं. सगळ्यात जास्त दिवाणाच्या पायाशी, जिथे हे बसायचे. आई म्हणतात, "राहू दे व. लहानपणी बी असाच होता. पाच वर्साचा होयेपर्यंत गादी ओली करे."

त्याला दूध-जिलेबी देतात, चहात खारी बुडवून देतात. यांना आवडायची म्हणून. त्याचं पोट बिघडलेलं आहे.

तुम्ही पशु अस्पतालात बत्तीस वर्षं काढली. काय करावं ते लिहा. मला फार थकवा आहे, लांबलचक लिहू नका.

सरला

*

सौंसर
२ जानेवारी २०२५

चि. सरला, आशीर्वाद.

लांबलचक लिहू नका म्हणतेस आणि दहा गोष्टी विचारतेस. वाच मुकाट्यानं.

दूध बंद. जिलेबी, खारी, चहा बंद. आईला सांग, मी सांगितलं. मऊ भात, त्यात मुगाचं पातळ वरण किंवा दही, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. उकडलेलं अंडं सगळ्यात चांगलं, पण आपल्या घरात ते येणार नाही हे मला माहीत आहे. पाणी भरपूर.

घाण करण्याचं असं आहे. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू दोन तासांच्या वर लघवी धरू शकत नाही. तो त्याचा दोष नाही. झोपेतून उठला की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर. दरवेळी एकाच जागी, मागच्या अंगणात लिंबाखाली ने. त्यानं भिजवलेलं एखादं फडकं तिथे टाकून ठेव, त्याला वासावरून जागा कळते. झालं की तिथल्या तिथे पाठीवरून हात फिरव, घरात आल्यावर नाही. घरात केलं तर मारायचं नाही आणि त्याचं तोंड त्यात घासायचं नाही. आपल्याकडे सगळे तेच करतात आणि मग कुत्रं पलंगाखाली लपून घाण करतं. फरशीवर फिनेल ओतू नकोस, ते चाटतं. साबणानं धू, नंतर पांढरा सिरका, व्हिनेगर म्हणतात तो, पाण्यात घालून पूस, म्हणजे वास जाईल. आणि तू शाळेत असताना आईलाच उठावं लागेल. उठू दे. पाय मोकळे होतील.

मुख्य गोष्ट म्हणजे नाव. नावानं हाक मार, आला की शाबासकी दे. एकच नाव, एकच सूर. ज्या पिल्लाला हाक कळली त्याचं अर्धं शिक्षण झालं. चाळीस पोरं वर्गात गप्प बसवतेस आणि एक पिल्लू ऐकत नाही?

आता औषध. जंताचं औषध वजनावर असतं, तिथल्या अस्पतालातून घे, पंधरा दिवसांनी पुन्हा दे. पोट सुधारलं की पहिला टीका, म्हणजे लस, लगेच टोचून घे. या थंडीत पिल्लांना रक्ताची हगवण लागते, दोन दिवसांत संपतात. टीका झाल्याशिवाय त्याला नत्थूजींच्या कोठ्याकडे जाऊ देऊ नकोस, आणि तिकडून आलेल्या चपला बाहेर ठेव. पहिल्यानंतर महिन्याच्या आत दुसरा. तीन महिन्यांचा झाला की रेबीजचा.

मी आली असती, पण यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दर दोन तासांनी थेंब. तुझं पिल्लू आणि माझं हे, सारखंच आहे.

पंजाबिंजाचं मनावर घेऊ नको. आईचं खूळ आहे, चार दिवसांनी उतरेल.

प्रतिभा

*

पांढुर्णा
९ जानेवारी २०२५

ती. ताईंना नमस्कार.

तुम्ही सांगितलं त्यातलं बरंच केलं. दूध बंद केलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माह्या पोराले उपाशी मारून राहिली." मी दही-भात कालवून त्यांच्याच हातात दिला. आता त्या भरवतात. पोट सुधारलं आहे.

जंताचं औषध सोमवारी आणलं. दुसऱ्या दिवशी शेवयांसारखे जंत पडले. आईंनी ते पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. म्हणाल्या, एवढं पोटात घेऊन फिरत होता, कोणाले सांगितलं बी नाही. त्या कोणाबद्दल बोलत होत्या ते मला कळलं. मी फरशी पुसली.

मी घरी असते तेव्हा दर दोन तासांनी बाहेर नेते. लिंबाखाली करतोही. पण एक गोष्ट माझ्याकडून होत नाही आणि ती लिहायला मला संकोच वाटतो. तुम्ही नाव घेऊन हाक मारा म्हणता. ताई, मी तीस वर्षं त्यांचं नाव घेतलेलं नाही. शाळेत, बँकेत फॉर्मवर लिहिलं, तोंडानं घेतलं नाही. मी शिकलेली आहे, नाव घेतल्यानं काही होत नाही हे मला कळतं. आजकालच्या मुली घेतात. पण माझ्या तोंडाला ते वळण नाही, आणि आता ते गेल्यावर कुत्र्यासाठी घ्यायचं, हे मला जमत नाही. मी दुसरं काही म्हणून पाहिलं तर आई लगेच म्हणतात, "त्याचं नाव हाय न त्याले." म्हणून मी टाळी वाजवते. तो माझ्या टाळीला येतो आणि रस्त्यावरच्या कोणाच्याही टाळीला जातो. फाटकाबाहेर दोनदा पळाला. शेजारची उर्वशी म्हणते, "सरलाकाकू, तुमच्या घरचे पाहुणे आमच्या पायपोसावर मुतून गेले." ती हसली, मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आता काळजीची गोष्ट. नत्थूजींच्याकडची दोन पिल्लं मेली. तुम्ही लिहिलंत तीच, रक्ताची हगवण. मी आईंना टीक्याचं सांगितलं. त्यांनी पिल्लाला पदराखाली घेतलं. म्हणाल्या, "नागपुरात माह्या लेकाच्या हाताले सुई टोचाले जागा राहिली नव्हती. पंचवीस दिवस टोचलं, आन् दिला का त्यायनं परत? आता पुन्हा नाही टोचू देत." मी समजावलं. त्या म्हणाल्या, मी मेल्यावर टोच.

पिल्लाला काही झालं तर आई राहणार नाहीत, असं मला वाटतं. हे उगाच लिहीत नाही. काल तो उर्वशीकडे अडकून राहिला तर त्यांनी ताट सरकवून दिलं.

मी त्यांच्या हातातून ओढून घेऊन जाऊ का? की गुपचूप न्यावं? त्या दिवसभर त्याला सोडत नाहीत.

एक विचारायचं राहिलं. त्या सकाळी पिठापाशी सगळ्यात आधी तुम्ही होतात. पंजा खरंच स्पष्ट होता का? मी आतल्या खोलीत होते, मला दाखवायला कोणी बोलावलं नाही.

सरला

*

सौंसर
१२ जानेवारी २०२५

सरला,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

त्या पहाटे पिठावर काहीच नव्हतं. मी टोपली उचलून पाहिली, पीठ जसंच्या तसं. आई भिंतीला टेकून बसली होती, तीनदा विचारून झालं होतं, उमटलं का व, उमटलं का? काहीच उमटलं नाही म्हणजे जीव अडकला, असं ती धरून बसली असती. मला वाटलं, गाईचा खूर निघाला तर हिला बरं वाटेल. गाईचा जन्म चांगला. मी दोन बोटं दाबली. बत्तीस वर्षं गुरांचे खूर हातात धरले, मला एक खूर काढता येऊ नये? पण बोटं सरकली, बाजूला आणखी एक खळगा झाला. तो बुजवायला गेली तर चौथा झाला. तेवढ्यात रामाजीकाका आले. टोपली उचलून चष्मा वर केला आणि म्हणाले, "पंजा हाय. कुत्र्याचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काय बोलणार होती? तो खूर आहे म्हणून भांडणार होती?

तेव्हापासून मला झोप नाही. तू पिल्लाचं लिहिलंस त्या दिवशीच लिहायला पाहिजे होतं. खूळ उतरेल म्हणून टाळलं.

आता ऐक. हे पत्र आईला वाचून दाखव. माझ्या अक्षरातलं आहे, तिला अक्षर ओळखू येतं. म्हण, तुमच्या पोरीनं केलं. मला शिव्या देईल, देऊ दे. पण ते कुत्रं आहे एवढं कळलं तर टोचू देईल. चारातली दोन गेली असतील तर उशीर करण्यात अर्थ नाही. एक दिवससुद्धा थांबू नको.

आणि तुला तिथे बोलावलं नाही, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात यायला पाहिजे होतं.

प्रतिभा

*

सौंसर
१६ जानेवारी

सरला, चार दिवस झाले. दिपाली म्हणते तू शाळेत येतेस, पण चिठ्ठी देत नाहीस. टीका झाला की नाही तेवढं एका ओळीत लिही. आई काय म्हणाली? रागावली असेल तर मला कळू दे.

प्रतिभा

*

पांढुर्णा
१९ जानेवारी २०२५

ती. ताईंना नमस्कार.

टीका झाला. परवा, शुक्रवारी. दुसरा चौदा फेब्रुवारीला आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण जे झालं ते कसं लिहावं ते कळत नव्हतं.

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं नाही. वाचायला बसले होते. संक्रांतीला शाळेला सुट्टी होती. यंदा मला कुठे जायचं नव्हतं आणि माझ्याकडे कोणी येणार नव्हतं. दुपारी पत्र घेऊन आईंसमोर बसले. त्यांनी पिल्लाला मांडीवर घेतलं होतं आणि उर्वशीनं दिलेला तिळाचा लाडू फोडत होत्या. अर्धा त्याच्यापुढे धरला. मी नको म्हणाले तर म्हणाल्या, "वास घेऊ दे फक्त." मग तो अर्धा स्वतःच्या तोंडात घातला, दुसराही घातला. हे गेल्यापासून त्यांनी गोड खाल्लं नव्हतं. मी पत्र घडी करून पुस्तकात ठेवलं. मला वाटलं, यांच्याकडून मुलगा एकदा गेला. आज संक्रांतीला मी दुसऱ्यांदा नेणार नाही.

पण गुरुवारी नत्थूजींचं तिसरं पिल्लू गेलं. नत्थूजी स्वतः सांगायला आले, फाटकाबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "मास्तरीणबाई, आता तुमच्याइथलंच राहिलं."

शुक्रवारी मी रजा टाकली. आईंना म्हटलं, पिल्लाचं वजन करून आणते, जंताचा दुसरा डोस वजनावर द्यायचा आहे. त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मी बी येते." मी नको म्हणाले नाही. ऑटो केला. पिल्लू बाजाराच्या पिशवीत, पिशवी आईंच्या मांडीवर.

अस्पतालाच्या फाटकासमोर उतरलो. मी ऑटोवाल्याशी बोलत होते. आईंचा पाय खाली टेकताना पिशवी कलली आणि तो उडी मारून सरळ रस्त्यावर गेला. पलीकडे कोणीतरी हॉटेलात कढई ठोकत होतं, तो त्या आवाजाकडे निघाला. मी टाळी वाजवली, ती त्या आवाजात कुठे गेली कळलं नाही. डावीकडून संत्र्याचे क्रेट भरलेली पिकअप येत होती. आई तोंड उघडून उभ्या होत्या, त्यांना दम लागला होता, आवाज निघत नव्हता.

मी हाक मारली, "गजा!"

ताई, मला माहीत नव्हतं माझा आवाज एवढा मोठा आहे. वर्गातसुद्धा कधी लावलेला नाही. पुन्हा मारली. हॉटेलातली माणसं वळून पाहू लागली. त्यांत यांच्या ऑफिसातले दोघे होते, हातात चहाचे ग्लास. ते तसेच थांबले. पिकअपवाल्यानं ब्रेक मारला. पिल्लू रस्त्याच्या मध्यावर थांबलं, माझ्याकडे पाहिलं, आणि धावत आलं. येऊन माझ्या पायाशी बसलं. मी त्याला उचललं. उराशी धरलं. तुम्ही लिहिलं होतं, आला की शाबासकी द्यायची. ती दिली नाही.

आत गेलो. कंपाउंडर रजिस्टर उघडून बसला होता. माझं नाव, पत्ता लिहून झाल्यावर विचारलं, "पशु का नाम?" मी आईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या सांगतील, आणि हा माझ्या नावापुढचं यांचं नाव आणि पिल्लाचं तेच नाव एकाखाली एक लिहील.

आई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अजून ठेवलं नाही."

"अम्मा, कुछ तो बुलाते होंगे?"

"नाही. ठेवाचं हाय."

त्यानं रेघ मारली. वजन झालं, सव्वातीन किलो. डॉक्टरांनी सुई भरली तेव्हा मी आईंना बाहेर थांबा म्हणाले. त्या उठून टेबलापाशी आल्या, पिल्लाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "टोचा," म्हणाल्या. डोळे मिटून घेतले. तो एकदाच केकाटला. डॉक्टर म्हणाले, आज थोडा सुस्त राहील, घाबरू नका, आंघोळ घालू नका.

घरी आल्यावर पाय न धुताच दिवाणावर बसल्या. मी पाणी दिलं. ते हातात धरून म्हणाल्या,

"तुनं हाक मारली न."

मी म्हटलं, "आई, चुकलं. दुसरं काही सुचलं नाही."

"चुकलं नाही. मी रस्त्याकडं पाहून राहिली होती." पाणी खाली ठेवलं. "तू तीस वर्सात त्याचं नाव घेतलं नाही. आज घेतलं, तेबी भर बाजारात, एवढ्या मोठ्यानं. म्या म्हटलं, आता जिथं असंल तिथून येईन. बायकोची पहिली हाक हाय, कसा नाही येणार? येणारच." मग त्यांनी पिल्लाकडे पाहिलं. ते दाराशी बसून टोचलेली जागा चाटत होतं. "आलं ते कुत्रं."

त्या रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. तिथे, दिवाणावर, यांच्या जागेवर मी आजवर बसले नव्हते. मीही रडले, ताई. दोन महिन्यांत वेळ मिळाला नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. त्या संध्याकाळी आई जेवल्या नाहीत, मीही नाही. काल सकाळी मात्र त्यांनी स्वतःहून भात मागितला. पिल्लू तेव्हा बाहेर झोपलेलं होतं.

तुमचं पत्र मी चुलीत घातलं. ते वाचायची गरज आता राहिली नाही, आणि तुम्हीही आईंना कधी सांगू नका. तुम्ही खूर काढायला गेलात यात वाईट काही नव्हतं. झोपत जा.

नाव अजून ठेवलेलं नाही. उर्वशी रोज एक नवीन सुचवते, आई नाक मुरडतात. त्याला ताप आला नाही, बरा आहे. खाणं नीट आहे. घरात अजूनही करतो, पण पहिल्यापेक्षा कमी. आज दुपारी तो झोपेतून उठून गोल गोल फिरायला लागला तेव्हा मी वह्या तपासत बसले होते. वही मिटून उठायला लागले तर आईंनी हातानं खाली बस अशी खूण केली. काठी घेतली, एका हातानं पिल्लाला पोटाखालून उचललं.

"तू बस," म्हणाल्या. "मी नेते."

सरला